क्लबचं लाकडी ग्लायडर उडवायचंय? आधी त्याच्या वर्कशॉपमध्ये या

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींना पहिल्याच उन्हाळ्यात कळतं की गावाबाहेरच्या गवताळ मैदानावर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडतात, ते एक नोंदणीकृत क्लब चालवतो, आणि शिकायला श्रीमंत असावं लागत नाही. मग हँगर बघायला गेल्यावर पांढऱ्याशुभ्र फायबरच्या विमानांमागे कोपऱ्यात एक लाकडी, कापड चढवलेलं, एका माणसापुरतं ग्लायडर दिसतं. कुणीतरी अभिमानाने सांगतं, "हे आम्ही बांधलंय." आम्ही म्हणजे क्लबने, पन्नासच्या दशकात. ते उडवायला कधी मिळेल, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी या वाटेने गेलो आहे. वाट लांब असली तरी अवघड नाही. गोंधळ होतो तो क्रमामुळे. लोक आधी उडायला शिकतात आणि लाकडी विमानाकडे नंतर वळतात. माझं मत उलटं आहे. पहिल्याच हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये जा, कारण या विमानाची ताकद ज्या सांध्यांवर अवलंबून आहे ते बाहेरून दिसत नाहीत. ते एकदा उघडे पाहिलेत, की पुढच्या सगळ्या सूचना तुम्हाला आपोआप पटत जातात.

१. विमानाची ओळख करून घ्या

लाकडी एकआसनी ग्लायडरचे प्रकार अनेक आहेत, पण क्लबने स्वतः बांधलेलं म्हटलं की बहुधा ग्रुनाऊ बेबी निघते. एडमुंड श्नायडर यांनी १९३१ मध्ये ती सायलेशियातल्या ग्रुनाऊ गावी तयार केली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, नाव येझूव्ह सुदेत्स्की. साध्या कार्यशाळेत, साध्या अवजारांनी, नकाशे समोर ठेवून क्लबच्या लोकांना बांधता यावं, हाच तिचा हेतू होता. युरोपात आणि युरोपबाहेरही अनेक क्लबांनी ती तशी बांधली. १९३३ मध्ये कुर्ट श्मिट यांनी पूर्व प्रशियाच्या किनाऱ्यावर बेबीतून सलग ३६ तासांहून अधिक काळ हवेत राहून दाखवलं. युद्धानंतर जर्मनीत ग्लायडिंगवर बंदी होती. पश्चिम जर्मनीत ती १९५१ मध्ये उठली आणि गावोगावच्या क्लबांनी शाळांच्या तळघरांत, सुतारांच्या शेडमध्ये पुन्हा पंख जोडायला घेतले. तुमच्या क्लबचं विमान त्या लाटेतलं असण्याची शक्यता मोठी.

बेबी २-बी या प्रकाराचे आकडे लक्षात ठेवा: पंखांचा पसारा १३.५७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १४.२ चौरस मीटर, रिकाम्या विमानाचं वजन सुमारे १७० किलो, उड्डाणाचं कमाल वजन २५० किलो, आणि शांत हवेत १ मीटर उंची खर्च करून साधारण १७ मीटर पुढे जाण्याची क्षमता. आजची साधी फायबर विमानं याच्या दुपटीहून जास्त अंतर कापतात.

या आकड्यांतच पहिली अडचण आहे. २५० वजा १७० म्हणजे ८० किलो. त्यात तुम्ही, तुमचे कपडे आणि सात-आठ किलोचं पॅराशूट. दुरुस्त्या आणि रंगामुळे जुनी विमानं जडही होतात, म्हणजे जागा आणखी कमी. कॉकपिटमधल्या पाटीवर कमाल आणि किमान वजन लिहिलेलं असतं, ते पहिल्याच भेटीत वाचा. तुम्ही त्यात बसत नसाल तर निराश होऊ नका. क्लबमध्ये दुसरं लाकडी विमान असू शकतं, आणि वर्कशॉपमधलं शिक्षण कुठेही वाया जात नाही.

२. क्लबमध्ये प्रवेश आणि कागदपत्रं

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने, म्हणजे तार ओढणाऱ्या यंत्राने, वर जाणारी ग्लायडर पाहिली असतील, तर विंचचा देखावा ओळखीचा वाटेल. पण इथली व्यवस्था निराळी आहे. इथे मालक म्हणजे सभासद. शिकवणारे शिक्षक बहुतेक ठिकाणी मानधनाशिवाय येतात, विंच सभासद चालवतात, गवत सभासद कापतात. त्यामुळे वर्गणीबरोबर दरवर्षी ठरावीक तास काम करावं लागतं. त्याला बाउश्टुंडन म्हणतात. तास भरले नाहीत तर त्यांचे पैसे भरावे लागतात. किती तास आणि तासाला किती पैसे, हे क्लबगणिक बदलतं, म्हणून अर्जावर सही करण्याआधी विचारा. विचारण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

सगळे एकमेकांना "डू", म्हणजे "तू", म्हणतात, सत्तरीचे आजोबासुद्धा. आपल्याला सुरुवातीला जड जातं. आदर दाखवायचाच असेल तर तो वेळेवर येऊन आणि झाडू स्वतःहून हातात घेऊन दाखवा.

तुमच्यासाठी लागणारी कागदपत्रं:

- प्रवेशअर्ज, बँक खात्यातून वर्गणी वळती करण्याची संमती, राहत्या पत्त्याची नोंद (आनमेल्डुंग), पासपोर्ट आणि निवास परवाना
- एलएपीएल, म्हणजे हलक्या विमानांच्या वैमानिकांसाठीचा, वैद्यकीय दाखला. तो मान्यताप्राप्त विमान-वैद्याकडून, म्हणजे फ्लीगरआर्ट्झ्टकडून घ्यायचा. चाळिशीच्या आत तो ५ वर्षं चालतो, नंतर २ वर्षं. पहिल्या एकट्या उड्डाणाआधी तो हातात असावा लागतो. चष्मा असेल तर जादा चष्मा आणि नंबरचा कागद बरोबर न्या.
- रेडिओ संभाषणाचा दाखला. परीक्षा बुंडेसनेट्झआगेन्टूर ही सरकारी संस्था घेते. जर्मनमधून द्यायची असेल तर बीझेडएफ-२, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर बीझेडएफ-१.
- उड्डाणवही. पहिल्या दिवसापासून नीट भरा.

विम्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. भारतातली आयुर्विमा किंवा अपघात पॉलिसी चालू असेल तर तिच्या अटी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत हौशी उड्डाण वगळलेलं असतं. क्लबच्या विम्यात सभासदाला नेमकं काय मिळतं तेही लेखी घ्या आणि घरच्यांना दाखवून ठेवा.

परवान्याचे नियम थोडक्यात असे: एकट्याने उडायला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, परवान्याला १६. परवान्यासाठी, म्हणजे एसपीएलसाठी, किमान १५ तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यात १० तास शिक्षकासोबत आणि २ तास देखरेखीखाली एकट्याने, एकूण किमान ४५ उड्डाणं-उतरणं, आणि एक लांब पल्ल्याचं उड्डाण: एकट्याने ५० किलोमीटर किंवा शिक्षकासोबत १०० किलोमीटर. लेखी परीक्षा वेगळी. हे सगळं दोन आसनांच्या विमानावर आणि सोप्या एकआसनी विमानावर होतं. बेबी त्यानंतर.

३. वर्कशॉपमधला पहिला महिना

ऑक्टोबरच्या अखेरीस उड्डाणं थांबतात आणि विमानं वर्कशॉपमध्ये येतात. इथला प्रमुख, वेर्कश्टाटलायटर, जे सांगेल ते अंतिम. नव्या माणसाला पहिले काही शनिवार धूळ पुसणं, जुनी टेप खरवडणं, फिटिंग साफ करणं हेच काम मिळतं. ते मन लावून करा. साफ करताना तुम्ही विमानाच्या प्रत्येक इंचावरून बोट फिरवता, आणि बहुतेक दोष असेच सापडतात.

स्वतःची म्हणून एवढी अवजारं घ्या: दोन धारदार पटाशा, एक छोटा रंधा, धार लावायचा दगड, स्टीलची पट्टी, काटकोन्या, बारीक कानस, कपाळावर लावायचा दिवा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा. क्लॅम्प, वजनकाटा, आर्द्रतामापक आणि आतून बघायचा एंडोस्कोप क्लबकडे असतो. पटाशीला धार कशी लावायची हे शिकायला एक अख्खा दिवस द्या. बोथट पटाशीने कापलेल्या पृष्ठभागावर ग्लू नीट धरत नाही, त्यामुळे धार हा हौसेचा विषय नाही.

या महिन्यात विमानाची रचना डोक्यात बसवा. बेबीच्या पंखात एक मुख्य स्पार असतो, म्हणजे पंखाचा कणा. त्यापुढचा भाग पातळ प्लायने गुंडाळून बंद पेटीसारखा केलेला असतो. पंख पिळवटू नये याची जबाबदारी त्या पेटीवर. स्पारमागे बारीक काड्यांच्या जाळीदार रिब्ज, म्हणजे फासळ्या, आणि त्यावर नुसतं कापड. पंखाला खालून तिरका टेकू, स्ट्रट. धड प्लायचं, षटकोनी. खाली ॲशच्या लाकडाची स्कीड, म्हणजे उतरताना जमिनीवर घसरणारी पट्टी. सगळा भार स्पार, स्ट्रट, धडातली मुख्य चौकट आणि लोखंडी फिटिंग या वाटेने जातो. त्या वाटेवरच्या कुठल्याही गोष्टीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, नवशिक्याने तर नाहीच.

४. लाकूड ओळखायला शिका

विमानाचं लाकूड बाजारातल्या फळीसारखं निवडत नाहीत. जर्मन ग्लायडरच्या स्पारला बहुधा कीफर, म्हणजे पाइन, वापरलेलं असतं. काही ठिकाणी स्प्रूस. बर्चचा विमान-दर्जाचा प्लाय वेगळा येतो, दाखल्यासहित. फर्निचरचा प्लाय कितीही सुंदर दिसला तरी विमानात जात नाही.

स्प्रूसच्या तुकड्यात वार्षिक वलयं दाट हवीत, इंचाला किमान सहा. रेषा सरळ हव्यात; १५ सेंटिमीटर लांबीत रेषा १ सेंटिमीटरहून जास्त तिरकी गेली तर तो तुकडा बाद. आता रेषा नेमकी कुठे चालली आहे हे डोळ्यांना नेहमी कळत नाही, कारण वलयांच्या रेघा आणि तंतूंची दिशा एकच असेल असं नाही. त्यासाठी जुनी युक्ती आहे. रंधलेल्या पृष्ठभागावर फाउंटन पेनच्या पातळ शाईचा एक थेंब टाका आणि थांबा. शाई तंतूंच्या नळ्यांमधून बारीक केसासारखी पुढे सरकते. ती ज्या दिशेला सरकली ती खरी दिशा. तुकड्याच्या दोन्ही बाजूंवर करून बघा. आमच्याकडे प्रत्येक नवा सभासद हे करून बघतो, आणि त्यानंतर लाकडाकडे बघण्याची त्याची नजर बदललेली मला दिसली आहे.

दुरुस्तीत नवा तुकडा जुन्याला जोडताना टोकाला टोक लावून चालत नाही. दोन्ही लांब उताराने कापून एकमेकांवर बसवतात. त्याला शेफ्टुंग म्हणतात. प्लायसाठी उतार जाडीच्या साधारण बारा पट धरा: दीड मिलिमीटरच्या प्लायला १८ मिलिमीटर. स्पारच्या घन लाकडाला पंधरा पट किंवा त्याहून जास्त. विमानाच्या दुरुस्ती-सूचनांत वेगळं काही असेल तर तेच खरं. दीड मिलिमीटरच्या प्लायवर १८ मिलिमीटरचा सरळ उतार काढणं हे पहिल्या हिवाळ्याचं खरं शिक्षण. प्लायचे थर उतारावर समांतर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या असतील तर उतार बरोबर. एखादी नागमोडी गेली तर तिथे खड्डा आहे.

५. ग्लू: इथे घाई नको

लाकडी विमान दिसतं लाकडाचं, पण टिकतं ग्लूवर. या भागाला मी सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण लाकडी विमानांचे गंभीर दोष इथेच लपतात.

जुन्या विमानांत दोन प्रकारचे ग्लू सापडतात. पहिला केसीनचा सरस, दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरड्या हवेत तो अनेक दशकं टिकतो, पण ओल मिळाली की त्याला बुरशी धरते आणि सांधा हळूहळू सुटतो. दुसरा कौरिट नावाने ओळखला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू. तो पातळ, घट्ट दाबलेल्या सांध्यात छान टिकतो, पण थर जाड राहिला असेल तर वयानुसार ठिसूळ होऊन तडकतो. तुमच्या क्लबच्या विमानात काय वापरलंय ते बांधणीच्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही मागून वाचा. पन्नासच्या दशकातली हस्ताक्षरं वाचायला कठीण असतात. एखाद्या ज्येष्ठ सभासदाला बरोबर बसवा. तास-दोन तास सहज जातात, आणि तुम्हाला क्लबचा निम्मा इतिहास कळतो.

आज दुरुस्तीसाठी बहुधा रिसॉर्सिनॉल ग्लू वापरतात, एरोडक्स या नावाने मिळणारा. तो गडद लालसर-तपकिरी असतो, त्यामुळे ग्लूची रेष स्पष्ट दिसते. काही ठिकाणी मान्य असलेला इपॉक्सी वापरतात. कुठला वापरायचा हे विमान तपासून सही देणारा तपासनीस ठरवतो. हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा ग्लू विमानाजवळ आणूसुद्धा नका.

ग्लू लावण्याचा क्रम असा:

- पृष्ठभाग धारदार रंध्याने किंवा पटाशीने ताजा करा. काचकागदाने गुळगुळीत करून तसाच ठेवला तर भुसा छिद्रांत बसतो आणि ग्लू आत जात नाही. घासावंच लागलं तर भुसा नीट झाडून काढा.
- दोन्ही तुकडे आदल्या दिवसापासून वर्कशॉपच्या हवेत ठेवा. आर्द्रता मोजा. थंड हँगरमधून आणलेलं लाकूड लगेच जोडू नका.
- कोरडी जुळणी करून बघा. क्लॅम्प कुठे, किती, कोण धरणार, सगळं ग्लूशिवाय एकदा पार पाडा.
- ग्लू आणि हार्डनर वजनावर मोजा, डब्यावरच्या प्रमाणात. अंदाजाने एक चमचा-दोन चमचे नाही. डब्यावरची मुदतीची तारीखही बघा.
- खोलीचं तापमान उत्पादकाच्या कागदावरच्या किमान मर्यादेच्या वर ठेवा, आणि ते रात्रभर तसंच राहील याची सोय करा. जानेवारीत संध्याकाळी हीटर बंद करून घरी जाण्याची सवय इथे महागात पडते.
- क्लॅम्प सारख्या दाबाने आवळा. कडेने सगळीकडे बारीक मणी बाहेर आले पाहिजेत. जिथे मणी नाही तिथे ग्लू पोचलेला नाही.

आणि नमुना. प्रत्येक वेळी कालवलेल्या त्याच ग्लूने लाकडाचे दोन तुकडे जोडून बाजूला ठेवा, त्यावर तारीख, डब्याचा क्रमांक आणि कुठल्या कामासाठी होता ते पेन्सिलीने लिहा. ग्लू पूर्ण वाळला की नमुना पटाशीने फोडा. लाकूड फाटलं आणि ग्लूच्या रेषेवर दोन्ही बाजूंना तंतू चिकटून राहिले, तर काम चांगलं. ग्लूची चकचकीत सपाट रेष उघडी पडली तर विमानातला तो सांधाही तसाच आहे असं धरून काम पुन्हा करायचं. यात कुणी सवलत मागत नाही आणि कुणी देत नाही.

जुने सांधे तपासताना कान वापरा. नाण्याने किंवा प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने प्लायवर हलके टकटक करत जा. चिकटलेल्या जागी आवाज टणक, सुटलेल्या जागी बद्द. पाणी साचण्याच्या जागा आधी बघा: धडाचा तळ, स्कीडच्या वरचा भाग, पंखाची मागची कड, शेपटीचं टोक. तिथली निचऱ्याची बारीक भोकं रंगाने किंवा मेणाने बुजलेली असतात. ती मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने विमानाचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

नंतर दिसणार नाही असा कुठलाही भाग बंद करण्याआधी तपासनिसाने तो उघडा पाहिलाच पाहिजे. त्याची सही आणि फोटो दोन्ही फाइलमध्ये. तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार असेल तर पंख आठवडाभर उघडा राहू द्या.

६. कापड

मूळ विमानांवर सुती किंवा लिननचं कापड आणि त्यावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप, असायचा. आता अनेक क्लब सेकोनाइटसारखं पॉलिस्टर कापड वापरतात. ते कडेने चिकटवून इस्त्रीने आवळतात. साधारण १२० अंश सेल्सिअसला ते पहिल्यांदा आकसतं, आणि मान्य पद्धतीत पुढचं तापमान टप्प्याने वाढवतात. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. थर्मामीटरने तपासलेलीच इस्त्री वापरा. कापड जास्त आवळलं तर बेबीची नाजूक मागची कड आत ओढली जाते आणि रिब्ज वाकतात. तेव्हा कापड काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

कापड, चिकटवायचा ग्लू, डोप आणि रंग एकाच मान्य पद्धतीतले घ्या. या कंपनीचं कापड आणि त्या कंपनीचा डोप असा मेळ घालू नका. नायट्रो डोप अतिशय ज्वालाग्राही असतो: खिडक्या उघड्या, हीटरची ठिणगी दूर, मुखवटा तोंडावर. रंगाच्या बाबतीत कंजूषपणा हा गुण आहे.

७. वजन आणि तपासणी

मोठी दुरुस्ती किंवा नवं कापड झालं की विमान पुन्हा तोलायचं. विमान ठरलेल्या रेषेत समतल ठेवतात, एक काटा पुढे, एक शेपटीखाली, आणि हिशोबाने गुरुत्वमध्य काढतात. शेपटीवर वाढलेल्या थोड्या वजनाचा परिणाम मोठा असतो, कारण अंतर मोठं असतं. समजा, रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, गुरुत्वमध्यापासून ४ मीटर मागे आहे आणि नाकात शिसं ठेवायची जागा १ मीटर पुढे. मागे ३०० ग्रॅम रंग वाढला तर पुढे १ किलो २०० ग्रॅम शिसं ठेवावं लागेल. आणि हे सगळं त्या ८० किलोंतून वजा.

विमानाची कागदपत्रं दरवर्षीच्या तपासणीला, म्हणजे यारेसनाखप्र्युफुंगला, एकत्र ठेवा: नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचा दाखला, मागच्या तपासणीचा दाखला, बोर्डबुक, जन्मापासूनची नोंद असलेली लेबन्सलाउफआक्टे, तोलाचा कागद, विम्याचा पुरावा, उड्डाणपुस्तिका, आणि वापरलेल्या प्रत्येक लाकडाचे, ग्लूचे, कापडाचे दाखले. ही जुनी विमानं युरोपीय नियमांच्या परिशिष्ट १ मध्ये येतात, म्हणजे त्यांच्यावर राष्ट्रीय नियम चालतात. त्यामुळे फायबर विमानाचा अनुभव असलेल्या सभासदाचा सल्ला इथे दरवेळी लागू पडेलच असं नाही. थेट तपासनिसाला विचारा.

८. वसंतात जोडणी

पंख जोडायला चार-पाच माणसं लागतात आणि सूचना एकानेच द्यायच्या असतात. पिना, त्यांच्या सेफ्टी, स्ट्रटचे बोल्ट, एलेरॉनच्या (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या फळ्यांच्या) तारा, शेपटीच्या तारा, टर्नबकलला, म्हणजे तारा ताणणाऱ्या स्क्रूला, सुरक्षेची तार. प्रत्येक गोष्ट यादीवर टिक करून. मध्ये फोन आला किंवा कुणी गप्पा मारायला आलं तर परतल्यावर यादी पहिल्यापासून सुरू करा.

त्यानंतरची तपासणी कधीही टाळायची नाही. एक जण कॉकपिटमध्ये नियंत्रणाची काठी धरतो, दुसरा बाहेर एलेरॉन हाताने दाबून धरतो, आणि आतला काठी हलवायचा प्रयत्न करतो. ताण जाणवला पाहिजे. मग दुसरा एलेरॉन, शेपटीवरचा आडवा एलिव्हेटर, रडर. काठी डावीकडे नेल्यावर डावा एलेरॉन वर आला ना, हेही मोठ्याने बोलून बघा. न जोडलेल्या नियंत्रणांनी जगभरात अपघात झाले आहेत, आणि त्या विमानांच्या शेजारीही अनुभवी माणसं उभी होती.

९. बेबीवरचं पहिलं उड्डाण

शिक्षक तुम्हाला कधी सोडायचं ते ठरवेल. त्याने शांत, कमी वाऱ्याची संध्याकाळ निवडली तर समजून घ्या की तो तुमची काळजी घेतोय. त्याआधी कॉकपिटमध्ये बसून डोळे मिटून प्रत्येक गोष्ट हाताने शोधता आली पाहिजे, विशेषतः तार सोडायची मूठ.

विंचवाल्याला विमानाचं नाव आधीच कळवा. बेबी हलकी असते, जड दोन आसनी विमानासारखा जोर दिला तर ती झपकन वर उसळते. कमाल विंच-वेग पुस्तिकेत आहे, तो पाठ हवा. तारेतला कमकुवत दुवा, म्हणजे सोलब्रुखश्टेले, या विमानासाठी ठरलेल्याच ताकदीचा हवा. त्याचे रंग ठरलेले असतात. पुस्तिकेतला आकडा आणि दुव्यावरचा रंग स्वतः ताडून बघा. चढताना नाक हळूहळू उचला. तार तुटली तर पहिलं काम नाक खाली, वेग परत येईपर्यंत थांबा, मगच वळायचं की सरळ उतरायचं ते ठरवा. उघड्या कॉकपिटचं, स्ट्रटचं हे विमान हवेला खूप अडतं, म्हणून फायबर विमानाच्या मानाने त्याचा वेग फार लवकर मरतो.

हवेत तुमच्या लक्षात येईल की पायांना काम आहे. एलेरॉन दिला की नाक आधी उलट बाजूला जातं. रडर बरोबरीने आणि भरपूर द्यावा लागतो. विमान तिरकं जातंय का ते दाखवणारा समोरचा लोकरीचा धागा मधोमध ठेवायचा एवढंच ध्येय धरा. वाऱ्याचा आवाज हा दुसरा वेगमापक. आवाज कमी झाला म्हणजे वेग कमी होतोय, तिकडे कान ठेवा.

अंतराचा हिशोब कडक ठेवा. ३०० मीटर उंचीवरून शांत हवेत कागदावर ५ किलोमीटर जाता येतं. आता समोरून ताशी ३० किलोमीटर वारा आहे आणि तुम्ही ताशी ६० ने उडताय: जमिनीवरचा वेग निम्मा, म्हणजे अंतरही निम्मं, अडीच किलोमीटर. त्यात खाली ओढणारी हवा लागली तर आणखी कमी. म्हणून मैदानाच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहा. फायबर विमानात जिथून निवांत परत येता त्या जागा बेबीसाठी नाहीत.

उतरताना स्पॉइलर, म्हणजे पंखावर उघडून विमान लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्या, आहेत, पण त्यांचा जोर मर्यादित. साइडस्लिप, म्हणजे विमान तिरकं घसरवत उंची कमी करणं, दोन आसनी विमानावर पक्का करून घ्या. शेवटच्या टप्प्यात वेग राखा, जमिनीजवळ हळूच सरळ करा, आणि स्कीड गवताला लागल्यावरही पंख आडवे ठेवत राहा. विमान लवकर थांबतं. थांबल्यावर लगेच उडी मारून बाहेर येऊ नका. पंख धरायला माणूस येईपर्यंत बसून राहा. रिकामी बेबी वाऱ्याने सहज उलटते.

त्यानंतर सराव सुटू देऊ नका. परवाना वापरण्यासाठी मागच्या २४ महिन्यांत किमान ५ तास, १५ उड्डाणं आणि शिक्षकासोबत २ प्रशिक्षण-उड्डाणं लागतात. ही कायद्याची किमान पातळी आहे. बेबीसाठी क्लबची अट बहुधा याहून कडक असते, आणि ती असावीच.

१०. ठेवताना

दिवसाच्या शेवटी दव पडायच्या आत विमान आत घ्या. ओलं गवत स्कीडला चिकटलेलं असतं, ते काढा, तळ कोरड्या फडक्याने पुसा. ट्रेलरमध्ये ठेवणार असाल तर हवा खेळती हवी. बंद ट्रेलर उन्हात तापतो आणि रात्री आतून घामेजतो. प्लास्टिकचं आवरण लाकडी विमानावर कधीच नको, सुती चादर चालते. आणि हँगरच्या छतातून पाणी गळतंय का हे पावसात जाऊन बघा, कोरड्या दिवशी ते कळत नाही.